‘फिटिंग फ्री’ची किंमत

डिसेंबरातल्या एका सोमवारी पहाटे साडेपाचला मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये किल्ली फिरवत होतो आणि गाडी ‘टक’ एवढाच आवाज करून गप्प बसत होती. मागच्या सीटवर बाबा. मफलर, स्वेटर, मांडीवर फायलींची पिशवी. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांचं डायलिसिस असतं, सकाळी सहाचा स्लॉट. त्या वेळेला आमच्या भागात रिक्षा मिळणं म्हणजे नशीब. ते उघडायला चाळीस मिनिटं लागली. मागचा पेशंट दहाला ठरलेला होता, त्यामुळे त्या दिवशी बाबांना चारऐवजी सव्वातीन तासच मशीन मिळालं. संध्याकाळपर्यंत त्यांचे पाय सुजले होते.

बॅटरी का उतरली? आठवड्यापूर्वी मी गाडीत डॅशकॅम बसवून घेतला होता. कुणीतरी पार्किंगमध्ये दरवाजाला ओरखडा काढून गेलं होतं आणि सोसायटीचा सीसीटीव्ही नेहमीप्रमाणे ‘नेमका तेव्हाच’ बंद होता. म्हणून मला गाडी उभी असतानाही चालू राहणारा कॅमेरा हवा होता. ॲक्सेसरीच्या दुकानदाराने दोनच गोष्टी सांगितल्या. एक, ‘डायरेक्ट देतो साहेब, चोवीस तास चालणार.’ दोन, ‘फिटिंग फ्री.’

हा लेख त्या दुसऱ्या वाक्याविरुद्ध आहे.

आधी हिशेब करू, कारण तो कुणीच करत नाही. माझा कॅमेरा गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण ०.३ अँपिअर ओढतो. आकडा दिसायला किरकोळ. पण शुक्रवारी दुपारी उभी केलेली गाडी सोमवारी पहाटे काढायची तर मध्ये जातात साधारण ६६ तास. म्हणजे जवळपास २० अँपिअर-अवर. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-अवरच्या आसपास, तीही नवी असताना. माझी तीन वर्षांची होती. त्यात गाडीची स्वतःची घड्याळं, अलार्म आणि रिमोट लॉक थोडंथोडं खात असतातच. थंडीच्या पहाटे स्टार्टरला एका दमात भरपूर करंट लागतो आणि तेवढा जोर बॅटरीत उरलेला नसतो. यात गूढ काही नाही, चौथीतली वजाबाकी आहे.

यावर उपाय नाही असंही नाही. बाजारात ‘हार्डवायर किट’ मिळतं. त्याला तीन वायरी असतात: एक कायम चालू असलेल्या पुरवठ्याला, एक किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या पुरवठ्याला आणि एक अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला. किल्ली बंद झाली की कॅमेऱ्याला कळतं, आता पार्किंग मोड. आणि बॅटरीचा दाब ठरावीक पातळीखाली, समजा १२.२ व्होल्टखाली गेला की किट कॅमेऱ्याचा पुरवठा स्वतःहून तोडतं. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी विश्रांतीत १२.६च्या आसपास असते, १२.२ म्हणजे ढोबळमानाने निम्मी. निम्मी आपली, निम्मी इंजिनाची, असा तो करार. माझ्या गाडीत असलं काहीच नव्हतं. मोबाइल चार्जरसारखा एक ठोकळा होता आणि त्याच्या वायरी ‘डायरेक्ट’.

‘डायरेक्ट’ म्हणजे नेमकं कुठे, हे पुढच्या रविवारी कळलं.

बाबा वीज मंडळात लाइनमन होते, एकतीस वर्षं. आता त्यांच्याच्याने वाकवत नाही. त्यांनी खुर्ची पार्किंगमध्ये मागवली, टॉर्च हातात धरला आणि मला डॅशबोर्डखाली झोपवलं. पहिला प्रश्न त्यांनी कॅमेऱ्याबद्दल विचारलाच नाही. विचारलं, “फ्यूज कुठे टाकलाय?”

मी म्हटलं, “गाडीला असतो ना फ्यूजबॉक्स.”

“तो गाडीच्या वायरींचा. ह्या वायरीचा कुठाय?”

तो नव्हताच. दुकानातल्या मुलाने स्टिअरिंगखालच्या एका जाड वायरीचं प्लास्टिक ब्लेडने सोललं होतं, तिथे आपली बारीक वायर पिळली होती आणि वर काळी टेप. सोल्डर नाही, क्रिम्प नाही. त्या जाड वायरीवर मूळचा २० अँपिअरचा पिवळा फ्यूज होता. आणि ती बारीक वायर ब्रेकच्या पेडलजवळच्या लोखंडी पट्टीवरून गेली होती, तिथे घासून तिचं प्लास्टिक पातळ झालं होतं. एका जागी तांबं चमकत होतं.

बाबांनी मला जे सांगितलं ते मी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कधी नीट ऐकलं नव्हतं. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरीसाठी असतो. २० चा फ्यूज २० ची वायर वाचवतो. तिच्यातून दोन-तीन अँपिअरची वायर काढली आणि ती पट्टीला अर्धवट टेकून १५ अँपिअर वाहायला लागले, तर फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल आहे. तो उडणार नाही. दरम्यान ती वायर शेगडीच्या तारेसारखी लाल होणार, आणि आजूबाजूला काय आहे? प्लास्टिक, फोम, कापड. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून आपण गाडीच्या वायरिंगला घाबरत नाही. पण जळायला शॉक लागत नाही, करंट लागतो. आणि करंट द्यायला गाडीची बॅटरी कंजूष नसते. तिचे दोन ध्रुव थेट जोडले तर ती शेकडो अँपिअर ओतू शकते.

त्या दिवशी काही जळलं नाही. मी तुम्हाला थरारक गोष्ट सांगत नाहीये. जळायची सगळी तयारी झाली होती आणि ती तयारी मला ‘फ्री’ मिळाली होती, एवढंच सांगतोय.

आता साहजिकच त्या मुलाला शिव्या घालाव्यात असं वाटतं. मीही घातल्या. मग दुकानात गेलो. मुलगा एकोणीस-वीसचा असेल. दिवसाला सहा-सात गाड्या करतो. मल्टिमीटर त्याच्याकडे नाही, टेस्टर-बल्ब आहे. शिकला कुठे? ‘बघून बघून.’ एका फिटिंगचे त्याला किती मिळतात? काहीच नाही, महिन्याचा ठरलेला पगार. जितक्या लवकर एक गाडी उरकेल तितकी पुढची लवकर. फ्यूज टॅप माहीत आहे? आहे. मग लावत का नाही? त्याचं उत्तर सरळ होतं: “शेठ देत नाही. कस्टमर मागत नाही.”

कस्टमर मागत नाही. कस्टमर म्हणजे मी. मी कॅमेरा घेताना आठवडाभर रिव्ह्यू बघितले होते. रेझोल्यूशन, रात्रीचा फोटो, लेन्सचा कोन, मेमरी कार्डचा वेग. फिटिंगबद्दल एकच प्रश्न विचारला होता: वेगळे पैसे पडतील का? ‘फ्री’ ऐकून खूश झालो होतो. फ्यूज टॅप आणि फ्यूज मिळून दोन चहा आणि एका वडापावच्या पैशात येतात. अर्धा तास जास्तीचा वेळ लागतो. तेवढं त्या ‘फ्री’तून गळालं. फुकट काही नव्हतंच. जे दिसत नव्हतं ते कापून मला सूट दिली होती.

आपल्याकडे वस्तूला किंमत आहे, हाताला नाही. टीव्ही पन्नास हजारांचा, भिंतीवर टांगणाऱ्याला शंभरची नोट देताना आपण कुरकुरतो. प्लंबरने दहा मिनिटांत गळती थांबवली की ‘दहा मिनिटांचे पाचशे?’ विचारतो, जणू त्याने वीस वर्षं ती दहा मिनिटं शिकण्यात घालवलीच नाहीत. मग ज्याच्या कौशल्याला किंमत नाही तो कौशल्य कशाला कमावेल? आयटीआयमध्ये ऑटो इलेक्ट्रिकलचा ट्रेड शिकवतात. तो शिकलेला मुलगा ‘फिटिंग फ्री’च्या दुकानात का उभा राहील? घरात नवी वीजजोडणी घ्यायची तर परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. चार माणसं बसून शंभरच्या वेगाने जाणाऱ्या डब्यात कुणीही ब्लेड घेऊन वायर सोलू शकतो.

कुणी म्हणेल, मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला जायचं. गेलो होतो की. सर्वात आधी तिथेच गेलो होतो. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, बाहेरचा कॅमेरा आम्ही जोडत नाही आणि बाहेर वायर कापलीत तर वॉरंटी गेली. आमचा घ्या. त्यांचा होता माझ्या कॅमेऱ्याच्या अडीचपट किमतीला, आणि त्यात पार्किंग मोड नव्हताच.

म्हणजे गिऱ्हाइकाला दोनच दरवाजे: एका बाजूला ‘आम्ही हात लावणार नाही’, दुसऱ्या बाजूला ब्लेड आणि काळी टेप. मधला, शहाणपणाचा दरवाजा कुणी बुजवला? त्या पोराने नाही. कंपन्यांनी. कोणत्या स्लॉटला कायम पुरवठा आहे, कोणता किल्लीवरचा, कोणत्याला हात लावू नये, हे गिऱ्हाइकाला नीट सांगायला काय हरकत आहे? माझ्या गाडीच्या माहितीपुस्तकात सनरूफ कसं पुसावं यावर दोन पानं आहेत, फ्यूजबॉक्सवर वाचता न येणारी एक आकृती.

वॉरंटीची ही धमकी नवी नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. आरोप हाच, की सुटे भाग, तपासणीची साधनं आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांपर्यंत पोचू दिली जात नाही. केवळ बाहेरच्या मेकॅनिककडे गेलात म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालता येणार नाही, असंही त्या आदेशात होतं. पुढे प्रकरण अपिलांत गेलं, दंडाच्या रकमेवर खल झाला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यातही वाहनक्षेत्र आहे. कागद सगळे आहेत. काउंटरवरचा माणूस मात्र अजून तेच वाक्य म्हणतो, कारण आपण त्याला ‘हे लेखी द्या’ म्हणत नाही.

वाईट जोडणीमुळे जे बिघडलं त्याची भरपाई कंपनीने देऊ नये, हे मला मान्य आहे. माझ्या पिळलेल्या वायरीने काही जळालं असतं तर तो खर्च माझाच. पण फ्यूजबॉक्समध्ये वायर न कापता लावलेल्या टॅपमुळे गाडीचं सस्पेन्शन वॉरंटीबाहेर कसं जातं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आणखी एक युक्तिवाद माझ्या मित्रांचा. ‘अरे, आपण जुगाडू लोक. लाखो गाड्यांत असंच बसवलेलं असतं, काही होत नाही.’ जुगाडाबद्दल मला प्रेम आहे. साधन नसताना डोकं चालवणं म्हणजे जुगाड. पण इथे साधन समोरच्या कपाटात होतं, स्वस्त होतं, माहीतही होतं. ते न लावणं हा आळस आहे, त्याला जुगाड म्हणून मिरवू नये. आणि ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्याने एकदा पहाटे साडेपाचला मागच्या सीटवर डायलिसिसचा पेशंट घेऊन किल्ली फिरवून बघावी.

मागण्या माझ्या फार मोठ्या नाहीत. कंपन्यांनी आरशाजवळ स्वतंत्र फ्यूज असलेला, बॅटरी उतरू न देणारा एक पॉइंट कारखान्यातूनच द्यावा. आज निम्म्या गाड्यांना कॅमेरा लागणार हे त्यांनाही माहीत आहे. दुकानदाराने फिटिंगचे पैसे घ्यावेत, चांगले घ्यावेत, आणि बिलावर लिहावं: वायर कुठून घेतली, फ्यूज किती अँपिअरचा, कुठे बसवला.

आणि आपण तीन प्रश्न विचारावेत. फ्यूज कुठे आहे? बॅटरी किती व्होल्टला पुरवठा तुटेल? खांबातून वायर नेताना ती पडदा-एअरबॅगच्या मागून नेली की पुढून? (पुढून नेली असेल तर एअरबॅग उघडताना ती आडवी येऊ शकते. हा प्रश्न विचारल्यावर दुकानदाराचा चेहरा बघा, मग ठरवा.) उत्तर नीट मिळालं तर मागितलेले पैसे घासाघीस न करता द्या. हा भाग सर्वात अवघड आहे, मला माहीत आहे.

त्या रविवारी आम्ही सगळं उपटून काढलं. नवं किट लावलं, सोललेली वायर झाकली, किल्ली काढून मल्टिमीटरने प्रत्येक स्लॉट तपासला. एअरबॅगच्या आणि ब्रेकच्या स्लॉटना हात लावायचा नाही, असं बाबांनी चार वेळा बजावलं. टॅपमध्ये ३ अँपिअरचा जांभळा फ्यूज बसवला. मी त्या मुलालाही बोलावलं होतं, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, पैसे ठरवून. तो आला. बाबा खुर्चीतून सांगत होते, तो करत होता, मी टॉर्च धरला होता. दोन तास लागले. जाताना त्याने फ्यूज टॅपचा फोटो काढून घेतला, शेठला दाखवायला म्हणाला.

फ्यूजबॉक्सच्या झाकणाला आतून एक जादा जांभळा फ्यूज टेपने चिकटवलेला आहे. शेजारी बाबांच्या अक्षरात तारीख आणि ‘कॅमेरा – ३ अँ.’ खांबावरून उतरण्याआधी पुढच्या माणसासाठी लिहून ठेवायचं, ही त्यांची जुनी सवय. माझ्या गाडीच्या आख्ख्या वायरिंगमध्ये मला वाचता येणारी तेवढी एकच ओळ आहे.