अडतिसाव्या अक्षांशाची रेघ

अक्षांशवृत्त जमिनीवर कोठेच दिसत नाही. तथापि अशाच एका वृत्ताने कोरियाचे दोन तुकडे केले, आणि ते सांधण्याची भाषासुद्धा उत्तर कोरियाच्या राज्यकर्त्यांनी २०२३ च्या अखेरीस टाकून दिली.

या रेघेचा जन्म पाहिला म्हणजे मन विषण्ण होते. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान शरणागतीच्या बेतात असता वॉशिंग्टनमध्ये एका रात्री डीन रस्क व चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांनी ‘नॅशनल जिऑग्राफिक’चा नकाशा पुढे घेऊन अर्ध्या तासात ती मुक्रर केली. उत्तरेतील जपानी सैन्याने रशियास शरण जावे, दक्षिणेतील सैन्याने अमेरिकेस, एवढाच तात्पुरता हेतू. राजधानी सेऊल आपल्याकडे राहील एवढे मात्र कर्नलसाहेबांनी पाहिले! कोरियन जनतेस कोणी विचारले नाही. ओंगजिन द्वीपकल्प दक्षिणेच्या वाट्यास आले, पण तेथे जाणारी खुष्कीची वाट उत्तरेतून. विजेची मोठी केंद्रे उत्तरेत. १९४८ च्या मे महिन्यात उत्तरेने दक्षिणेची वीजच तोडली.

२५ जून १९५० रोजी उत्तरेच्या फौजा ही रेघ ओलांडून आल्या, हे आक्रमणच होते. परंतु पुढे अमेरिकन सैन्याने ती ओलांडल्यास चीन युद्धात उतरेल, हा चौ एन-लाय यांचा इशारा आपले राजदूत पणिक्कर यांच्यामार्फत ऑक्टोबरच्या आरंभीच पोहोचला होता. पणिक्करांवर विश्वास नसलेल्या वॉशिंग्टनने तो उडवून लावला. त्याच महिन्यात चिनी सैन्य यालू नदी उतरले, आणि युद्ध पावणेतीन वर्षे लांबले. लाखो माणसे मेली. २७ जुलै १९५३ च्या शस्त्रसंधीने रेषा थोडीशी तिरपी झाली, केसोंग उत्तरेत गेले, सोकचो दक्षिणेत आले, एवढेच. युद्धकैद्यांचा गुंता सोडविण्यास आपले जनरल थिमय्या व जनरल थोरात गेले. तह मात्र झालाच नाही.

ताटातूट झालेल्या आप्तांच्या भेटीसाठी दक्षिणेत सव्वा लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदविली; त्यांतील बहुसंख्य आता हयात नाहीत. अशा भेटी २०१८ च्या ऑगस्टपासून बंद आहेत. दोन्ही सरकारांना तह करावयाचा नसेल तर न करोत. उरलेल्या वृद्धांची पत्रे पलीकडे पोहोचविण्यास तहाची गरज नाही, आणि ती वाट त्यांनी विनाविलंब मोकळी केली पाहिजे.