गावात आलेले यंत्र गावाचे केव्हा होते? खोपोलीचे वीजगृह, बेंजो आणि खुला सिंथेसायझर

१/
पिशवीत मावणारा आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी आतून खुला असलेला नवा सिंथेसायझर येणार, अशी वार्ता आली की तरुण वादकांत उत्सुकता पसरते. ध्वनी किती, बॅटरी किती तास, किंमत काय, हे प्रश्न लगेच विचारले जातात. कर्जत-खालापूरचा इतिहास मात्र त्याआधी वेगळाच प्रश्न पुढे ठेवतो : गावात आलेले यंत्र गावाचे केव्हा होते? #थ्रेड

२/
प्रथम खोपोली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या जलाशयांचे पाणी बोरघाटाखाली उतरवून टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. वीज तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. यंत्र खालापूर तालुक्यात उभे राहिले. भोवतालच्या ठाकर-कातकरी वाड्यांना मात्र विजेच्या दिव्यासाठी कित्येक दशके वाट पाहावी लागली.

३/
नेमक्या त्याच वर्षांत संगीताच्या क्षेत्रात दोन यंत्रे घडत होती. एक विद्वानांनी, अत्यंत अभ्यासपूर्वक. दुसरे दूरच्या जपानात, घरगुती करमणुकीसाठी. यांपैकी कोणते रायगडात रुजले, हे पाहणे उद्बोधक आहे.

४/
पहिले यंत्र म्हणजे श्रुतिपेटी. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी त्यांच्या साहाय्याने या श्रुती वाजवू शकणारी हार्मोनियम लंडनला घडवून घेतली. स्वरांच्या मोजमापात अब्दुल करीम खाँ यांचेही सहकार्य होते.

५/
हेतू उदात्त होता. पाश्चात्त्य पेटीचे बारा समान अंतरांचे स्वर भारतीय रागांना पुरे पडत नाहीत, ही तक्रार रास्तच होती. पण उपाय असा निघाला की तज्ज्ञांनी गणित करून स्वरस्थाने एकदाच ठरवावीत आणि ती धातूच्या पट्ट्यांत कायमची कोरावीत.

६/
१९१६ साली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे श्रुतींचा प्रश्न गाजला आणि देवल-क्लेमेंट्स यांचा सिद्धांत भातखंडे यांना मान्य झाला नाही. एकच गंधार रागागणिक, घराण्यागणिक किंचित सरकतो. सरकणाऱ्या स्वराला खिळा मारणारे यंत्र गायकांनी स्वीकारले नाही. ती पेटी इतिहासग्रंथांत उरली.

७/
याउलट साधी हातपेटी टिकली. तिचे झाकण कोणालाही उघडता येते. सुराची पट्टी टोकाशी किंचित घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. गावोगावचे पेटी दुरुस्त करणारे कारागीर हे काम कानसेने करीत आले आहेत. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने हार्मोनियमला दूर ठेवले. भजनी मंडळांनी तिला क्षणभरही दूर केले नाही.

८/
दुसरे यंत्र बेंजो. अमेरिकन बँजोशी त्याचे नावापलीकडे नाते नाही. जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी १९१२ साली ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य तयार केले. तारा जपानी कोतोच्या धर्तीवर, कळा टंकयंत्रासारख्या. कळ दाबली की ती तारेला पडद्यावर दाबते. दुसऱ्या हातातील नखीने तार छेडायची.

९/
हे वाद्य आशियाभर फिरले आणि जेथे गेले तेथे बदलले. बलुचिस्तानात ते लांबरुंद होऊन ‘बेंजू’ झाले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ते तआरब गायनाच्या साथीला बसले. भारतात ‘बुलबुल तरंग’ या नावाने घराघरांत शिरले आणि मुंबई, ठाणे, रायगडात ‘बेंजो’ म्हणून रस्त्यावर उतरले.

१०/
रस्त्यावर उतरताना त्याची अंतर्रचनाही बदलली. मूळ वाद्याचा आवाज एका खोलीपुरता. येथील कारागिरांनी त्यात गिटारसारखे पिकअप बसवले, ते अँप्लिफायरला जोडले, हातगाडीवर वा टेम्पोवर चढवले. सोबतीला ढोल, ताशा, ऑक्टोपॅड आणि सरसकट ‘कॅसिओ’ म्हटला जाणारा कीबोर्ड आला.

११/
कर्जत, नेरळ, चौक, खोपोली या पट्ट्यातील हळदी, वराती आणि विसर्जनाच्या मिरवणुकांत हा नाद ओळखीचा आहे. बेंजोवर मींड घेता येत नाही, कारण कळ तारेला एकाच जागी दाबते. वादकांनी त्यावरही तोड काढली : नखी अतिशय वेगाने चालवून स्वर लांबवायचा आणि गाण्याचा भास निर्माण करायचा. या गोष्टी वादकाने वादकाकडून पाहून आणि ऐकून उचलल्या.

१२/
आता खरा सिंथेसायझर. चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत दहा राग डिस्को ठेक्यावर बसवलेली ध्वनिमुद्रिका केली. त्यांच्याजवळ रोलँडची टीबी-३०३ होती : बॅटरीवर चालणारी, बास गिटारची साथ देण्यासाठी बनवलेली लहानशी पेटी. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची तिची सोय रागाच्या अंगाने वापरता येते, हे त्यांनी ओळखले.

१३/
पुढे १९८७ साली शिकागोतील तरुणांनी त्याच यंत्रातून ‘अॅसिड हाउस’ घडवले आणि सिंग यांच्या ध्वनिमुद्रिकेचे महत्त्व २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर जगाला कळले. निर्मात्याला अभिप्रेत नसलेला उपयोगच यंत्राचा इतिहास ठरला. पण तेवढी सामग्री बाळगणे व्यावसायिक स्टुडिओ-वादकालाच शक्य होते. घाटाच्या पायथ्याशी ती पोहोचली नाही.

१४/
तेथे पोहोचला तो कीबोर्ड. भारतीय बाजारासाठी त्यात तबला-ढोलकीचे ठेके भरून येऊ लागले. ते ठेके कंपनीने निवडलेले. मग महाराष्ट्रभर एक नवा धंदा उभा राहिला : कीबोर्डमध्ये हवे ते ‘टोन’ आणि ऑक्टोपॅडमध्ये हवे ते ‘पॅच’ भरून देण्याचा. संभळ, हलगी, ताशा यांचे आवाज असे यंत्रांत शिरले. ‘डेव्हलपर’ ही पदवी त्या तरुणांना कोणी दिली नाही; काम मात्र तेच होते.

१५/
म्हणून खुल्या सिंथेसायझरची वार्ता या मुलखासाठी परकी नाही. कोर्ग कंपनीने २०१८ पासून आपल्या काही वाद्यांसाठी बाहेरच्यांना ध्वनिनिर्मितीचे प्रोग्राम लिहून भरण्याची मुभा दिली. त्यांत हाताने जोडायचे छोटे एनटीएस-१ हे वाद्यही आहे. न्यूझीलंडच्या सिंथस्ट्रॉम कंपनीने ‘डेल्यूज’ या बॅटरीवर चालणाऱ्या वाद्याचा प्रोग्रामच २०२३ साली सर्वांसाठी खुला केला.

१६/
या दोन प्रकारांतील भेद महत्त्वाचा आहे. पहिल्यात घराच्या काही खोल्या उघडतात, दुसऱ्यात किल्ल्यांचा जुडगा हाती येतो. ‘डेव्हलपरांसाठी खुला’ ही जाहिरात वाचताना कोणते दार उघडे आहे हे पाहिले पाहिजे. स्वरस्थाने बदलता येतात का? ठेका मात्रेमात्रेने घडवता येतो का? बिघडल्यास झाकण उघडता येते का?

१७/
हे प्रश्न केवळ तांत्रिक नाहीत. आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारणी, वाड्यांवरील ठाकर-कातकरी गायक यांचे स्वर कीबोर्डच्या बारा चौकटींत नेमके बसतातच असे नाही. चौकट बदलता येत नसेल तर नवी पिढी गळा चौकटीप्रमाणे बदलते. मग मूळ स्वर हरवतो आणि तो हरवल्याचे कळायलाही कोणी उरत नाही.

१८/
खुलेपणा पुरेसा आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्याची माहितीपुस्तके इंग्रजीत असतात आणि सी भाषेत प्रोग्राम लिहिणे बेंजोवादकाला येतेच असे नाही. पण कर्जतमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. प्रोग्राम लिहिणारे हात आणि सूर ओळखणारे कान एकाच तालुक्यात राहतात. त्यांची गाठ घालून देणे फार अवघड नाही.

१९/
श्रुतिपेटीचा धडा येथे दुहेरी आहे. धवल्यांचे स्वर मोजून ते नव्या पेटीत कायमचे कोरण्याचा मोह पुन्हा होईल. तो टाळावा. स्वरस्थाने गाणारीच्या सांगण्याप्रमाणे सरकवता आली पाहिजेत आणि शेवटचा होकार तिचा असला पाहिजे.

२०/
खोपोलीच्या वीजगृहात शेजारच्या वाडीचा शब्द चालत नव्हता. बेंजोच्या पेटीत तो चालला. नवे वाद्य येईल तेव्हा त्याचे मोल ठरवताना ध्वनींची संख्या खुशाल मोजावी, पण त्याआधी त्याची माहितीपुस्तिका मराठीत कोण आणणार आणि पहिले झाकण कोण उघडणार, हे ठरवावे. (समाप्त)