रात्रपाळीच्या सिस्टरची झोप

मंडळी, शेतीच्या पानावर हॉस्पिटलातल्या नर्सचा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपल्या गावातल्या किती मुली बारावीनंतर एएनएम, जीएनएम करून मुंबईला गेल्या, ते एकदा मोजा. कुणी घाटकोपरच्या राजावाडीत, कुणी विलेपार्ल्याच्या कूपरमध्ये, बाकीच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या नर्सिंग होममध्ये. मोठं दुखणं आलं की आपला पेशंटही तिकडेच जातो आणि रात्री सलाइन संपली की सिस्टरलाच हाक मारतो.

रात्रपाळी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. एक आठवडा दिवसा थ्री फेज, एक आठवडा रात्री. हातात बॅटरी घेऊन रात्रभर पाणी दिलं की दुसऱ्या दिवशी डोकं जड, जेवणावर वासना नाही आणि घरात बारीकशा कारणावरून खेकसायला होतं. दिवसा वीज मिळावी म्हणून आपण मोर्चे काढले, २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनाही आली. नर्सला अशी सोय नाही. वॉर्ड रात्री बंद ठेवता येत नाही.

सवयीने सगळं अंगवळणी पडतं, असं आपण म्हणतो. ते पुरतं खरं नाही. द मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२९ साली लाजाळूचं रोप अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे घड्याळ रोपाच्या आतच होतं. तसंच ते माणसाच्या अंगातही असतं. ते पेशीत कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. कोंबड्यांच्या शेडमध्ये दिवे लावून आपण दिवस सोळा तासांचा करतो आणि अंडी वाढवतो. पण तिथेही दिव्यांची वेळ रोज बदलत नाही. नर्सची मात्र सकाळ, दुपार, रात्र अशी सारखी फिरते. अंगातलं घड्याळ जुळत येतं न येतं, तोच पाळी बदलते.

परिणाम काय? झोप तुटते, ॲसिडिटी होते, वजन वाढतं, मासिक पाळी अनियमित होते. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका जास्त आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीचं काम 'कर्करोगाला बहुधा कारणीभूत' या गटात टाकलं, २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेच मत कायम ठेवलं. 'बहुधा' हा शब्द नीट वाचा, उगाच घाबरू नका. रात्रपाळी केली म्हणजे कर्करोग झालाच, असा त्याचा अर्थ नाही. पहाटे तीन ते पाचच्या सुमाराला मात्र शरीर सगळ्यात सुस्त असतं आणि इंजेक्शनचा डोस मोजायची वेळ नेमकी तेव्हाही येते. तेव्हा हा प्रश्न पेशंटचाही आहे.

आणि ड्युटी संपली की झोप मिळते का? उपनगरात खोली परवडत नाही म्हणून पुष्कळ जणी विरार, बदलापूर, टिटवाळ्याला राहतात. सकाळी सगळं जग चर्चगेट-सीएसटीकडे धावतं, तेव्हा ही उलट्या गाडीने घरी येते. घरी नळाचं पाणी, मुलांचा डबा, सासूबाईंचं औषध. दुपारी जरा डोळा लागतो, तोवर दाराची बेल वाजते, नाहीतर गावाकडचा फोन. तो फोन आपलाच असतो!

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स असा आहे. रात्रीच्या वॉर्डात जाऊन खाटा मोजा आणि सिस्टर मोजा. जागा रिकाम्या ठेवायच्या आणि 'सेवाभाव' म्हणून बारा मेला फुलं द्यायची, हे आम्हाला पटत नाही. रिकाम्या जागा आधी भराव्यात. पाळ्यांचा तक्ता महिनाभर आधी लावावा. पाळी सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकवावी, उलटी नको. शरीराला ती सोसते. सलग रात्री दोन-तीनच असाव्यात आणि मध्ये अर्धा तास पाठ टेकायला खोली असावी. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसाही फारसा लागत नाही.

घरच्यांसाठी थोडं. ती रात्रपाळीवरून आली की खिडकीला जाड पडदा लावा, फोन बंद ठेवा, सकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करा. मुलगी नोकरीवाली हवी म्हणून स्थळ पाहता, तर ही बोलणी सुपारीच्या वेळीच होऊ द्या.

आणि सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, आपल्या उपकेंद्रातली सिस्टरही रात्री बाळंतपण करून सकाळी लसीकरणाला उभी असते. तिच्या क्वार्टरचं दार गळतंय का, दिवा लागतो का, हे येत्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर घ्या. आणि साध्या डोकेदुखीच्या गोळीसाठी दुपारी तिची कडी वाजवू नका.