धनको बदलतो, ऋणकोला कळते काय?

मुद्रांकाचे कागद छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली नाशिकरोडला सुरू झाली. ज्या शहराच्या कामगारांनी देशाला मुद्रांक पुरविले, त्याच शहरातील सुशिक्षित गृहस्थ स्वतःच्या घराच्या कर्जाचे कागद न वाचताच सही करतो, ही गोष्ट खेदाची आहे. मूळ खरेदीखत बँकेच्या स्वाधीन केले की वीस वर्षे आपला धनको तोच राहणार, अशी त्याची समजूत असते. ती खरी नव्हे.

कर्ज हीही मालमत्ताच होय. ती विकता येते, तिच्या आधारावर नवा पैसा उभारता येतो. गृहकर्जांचे गठ्ठे करून त्यांवर रोखे काढण्यास राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने २००० साली आरंभ केला. कर्ज-हस्तांतरणाविषयी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२१ मध्ये सविस्तर निर्देश दिले. या व्यवहारास आमचा विरोध नाही. अडकलेला पैसा मोकळा झाला तर दुसऱ्या कुटुंबाला घर मिळते. परंतु कागद सैल राहिले म्हणजे काय होते, ते अमेरिकेने २००८ नंतर पाहिले. कर्जे इतक्या हातांतून फिरली होती की, घरावर जप्ती आणणाऱ्या संस्थांना मूळ वचनचिठ्ठी कोणाकडे आहे, हे अनेक खटल्यांत दाखविता येईना.

आपला कायदा याबाबतीत मुळात कडक आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वये शंभर रुपये वा त्यावरील गहाणखत नोंदलेले व दोन साक्षीदारांच्या सह्यांचे असावे लागते. यास अपवाद एकच, तो म्हणजे हक्कपत्रे ठेवून केलेल्या गहाणाचा. आणि घरासाठी कर्ज काढणारे बहुतेक लोक याच अपवादात मोडतात! ही उणीव भरून काढण्यासाठी महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची सूचना तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे देण्याचे बंधन आले. ते कर्जदारावर आहे, हे किती कर्जदारांना ठाऊक असेल?

ऋणकोचे अज्ञान हे धनकोचे भांडवल होऊ नये, हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने ऋणकोला पावती व वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क दिला. परक्या सरकारला जे दीडशे वर्षांपूर्वी उमगले, ते आज विसरून कसे चालेल?

कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत करावेत, दिरंगाईबद्दल दररोज पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला, हे योग्यच झाले. आता पुढचे पाऊल हवे. कर्ज विकले जाताच नव्या धनकोचे नाव, शिल्लक रक्कम आणि मूळ कागदांचा ठावठिकाणा ऋणकोला मराठीत लेखी कळविलाच पाहिजे. कर्जफेडीबरोबर निबंधकाच्या दप्तरातील गहाणाची नोंदही उतरली पाहिजे. जुनी सदनिका घेणाऱ्यांनीही छायाप्रतींवर विसंबून इसार देऊ नये. आधी दप्तरात शोध घ्यावा.

ज्याच्या घरावर बोजा आहे, त्यालाच तो कोणाचा हे ठाऊक नसावे, हा न्याय नव्हे.