अंडे बंद, पुस्तिका सुरू



गेल्या आठवड्यात तुमच्या अंकात पालिकेच्या एका शाळेतला फोटो छापून आला. पुढे कागदी टोप्या घातलेली पोरं, मागे खाद्यपदार्थांच्या एका कंपनीचा बॅनर, मधे हसतमुख पाहुणे. खाली ओळ होती, 'बालआरोग्यासाठी उद्योगजगताचा पुढाकार'. त्या टोप्यांत एक माझी नात होती. त्यामुळे तिथे वाटलेली पुस्तिका आमच्या घरी आली, आणि ती वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र.

पुस्तिका गुळगुळीत कागदाची, चित्रं सुरेख. हात धुवा, भरपूर पाणी प्या, हिरव्या भाज्या खा, रोज तासभर खेळा. एकही वाक्य खोटं नाही. फक्त 'साखर' हा शब्द पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठेही नाही. मीठ नाही, तेल नाही, शाळेच्या फाटकाबाहेर टांगलेल्या दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळांचा तर विषयच नाही. सोबत क्रीमच्या बिस्किटांचा एक पुडा फुकट. साखरेचा आकडा त्या पुड्याच्या मागे, दुमडीच्या आत, मुंगीएवढ्या अक्षरात. तो मला नातीने वाचून दाखवला.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे 2025 मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, ते वाचकांना आठवत असेल. त्या परिपत्रकातच म्हटलं होतं की 4 ते 10 वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांत साखरेचा वाटा 13 टक्के आहे, 11 ते 18 वयात 15 टक्के, आणि तो असायला हवा 5 टक्के. एका हाताने फळा लावायचा आणि दुसऱ्या हाताने बिस्किटवाल्याला वर्गात बोलवायचं, याला काय म्हणावं? शुगर बोर्ड त्या मंडळाच्या शाळांना आणि बिस्किटं पालिकेच्या शाळांना, अशी वाटणी झाली आहे का?

पण माझा खरा राग पुस्तिकेवर नाही, अंड्यावर आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळं. अंड्यामागे पाच रुपये. जानेवारी 2025 मध्ये नवा शासन निर्णय आला आणि त्या अंड्याचा निधी बंद झाला. अंडं द्यायचंच असेल तर शाळेने लोकसहभागातून पैसे जमवावेत! वर्षाला सुमारे पन्नास कोटींचा खर्च होता म्हणे. एवढ्या मोठ्या, एवढ्या उद्योगांच्या राज्याला पन्नास कोटी जड झाले. मग मुख्याध्यापकांनी हात पसरायचे कुणापुढे? ज्याच्याकडे पैसा आणि बॅनर दोन्ही आहेत त्याच्यापुढे. कंपन्या शाळेत घुसल्या असं मी म्हणणार नाही. सरकारने अंडं काढून घेतलं आणि त्यांच्यासाठी दार उघडं ठेवलं.

आता आकडा पाहा. मे 2025 पासून प्राथमिकच्या एका मुलाच्या एका जेवणाचा 'आहार खर्च' 6 रुपये 78 पैसे आहे. तांदूळ वेगळा येतो, पण डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन या 6 रुपये 78 पैशांत बसवायचं, आणि त्यातून 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिनं ताटात पडली पाहिजेत असा नियम. भोसरीतल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये माझी सगळी नोकरी झाली. डाळीचा भाव वाढला की पहिलं काय होतं ते मला ठाऊक आहे: वरणात पाणी वाढतं आणि पळी तळाला जाते. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे त्या जेवणाची निम्मी गरज, आणि मुख्य म्हणजे अंड्यात पाणी घालता येत नाही. जेवण पुरवणाऱ्या ठेकेदाराला नको असलेला पदार्थ तो! फाटकाबाहेरचं पाकीट दहा रुपयांना. आतलं जेवण 6 रुपये 78 पैसे. आणि पोरं बाहेरचं खातात म्हणून आपण त्यांनाच रागावतो.

आमच्या कॅन्टीनबद्दल एक सांगतो. 1948 च्या कारखाना कायद्यात 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीनची तरतूद होती आणि त्याच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी असत. त्यांच्याबरोबरच्या बैठकांना मी घाम पुसत बसायचो. चपाती कच्ची का, सोमवारच्या उसळीत खडे का, तेल कुठल्या ब्रँडचं, सगळ्याचा जाब द्यावा लागायचा. कामगाराच्या ताटाला युनियन होती. पालिका शाळेतल्या मुलाच्या ताटाला कोण आहे? शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, पण आमच्याकडचे निम्मे आईबाप पहाटे कामावर जायला चाकणच्या बसमध्ये असतात. सकाळी डबा होत नाही, पोराच्या हातावर दहाची नोट पडते. त्यांना पुस्तिकेने आहार शिकवायचा?

कंपन्यांचं दानही कायद्यात बसणारं हवं. 2013 च्या कंपनी कायद्यातलं नफ्याच्या दोन टक्क्यांचं सामाजिक दायित्व सर्वांना माहीत आहे. 2021 च्या दुरुस्तीत स्पष्ट म्हटलं आहे की आपल्या मालाच्या प्रसिद्धीचा फायदा मिळवण्यासाठी केलेलं प्रायोजकत्व त्यात धरलं जाणार नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांप्रमाणे चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ बनवणाऱ्यांनी शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत ते विकायचे नाहीत, त्यांची जाहिरात करायची नाही, फुकटही वाटायचे नाहीत. त्याआधी 8 मे 2017 ला आपल्याच राज्याने शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार केलं होतं. मग क्रीमचं बिस्किट वर्गात वाटलं ते कुठल्या नियमाने? 50 मीटर मोजायला टेप लागते. वर्गात वाटलेल्या पुड्याला टेपही नको होती.

कंपन्यांचा हा डाव नवाही नाही. 2007-08 मध्ये बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने खासदारांना पत्रं पाठवून मध्यान्ह भोजनात शिजवलेल्या अन्नाऐवजी बिस्किटं द्या असा आग्रह धरला होता, आणि काही खासदारांनी तीच मागणी मंत्र्यांकडे पोचवली. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी यावर लिहिलं आहे. तेव्हा ते टळलं. 2015 मध्ये अमेरिकेत कोका-कोलाच्या पैशावर चालणारी एक संशोधकांची संस्था उघडी पडली. लठ्ठपणाला खाण्यापेक्षा कमी व्यायाम जबाबदार, असं ती सांगत होती. वर्षाअखेर ती बंद झाली. आमच्या पुस्तिकेतलं 'रोज तासभर खेळा' वाचताना मला तीच आठवली.

आणि खेळायचं कुठे, तेही सांगा. नाशिक फाट्याच्या पुलाखाली? एका बाजूला लोहमार्ग, दुसऱ्या बाजूला मुंबई-पुणे रस्ता, वर मेट्रो. आमच्या जवळच्या शाळेच्या मैदानात सुट्टीच्या दिवशी चारचाकी उभ्या असतात आणि गणपतीपासून दसऱ्यापर्यंत मांडवाचे बांबू पडून असतात. याबद्दल दिलेल्या अर्जाला पोच मिळाली, उत्तर नाही.

माझं कारखानदारांशी वैर नाही. या शहराची चूल कारखान्यांनी पेटवली, माझीही. म्हणूनच सांगतो: द्यायचं तर पैसे द्या, पालिकेच्या खात्यात द्या, आणि नाव, बोधचिन्ह, पुडा बाहेर ठेवा. त्या पैशातून अंडी आणि केळी आणायची की मटकी, ते आहारतज्ज्ञ आणि पालक ठरवतील. हे ज्या कंपनीला परवडत नसेल तिचा पुढाकार आम्हाला नको. सरकारनेही लोकसहभागाचं नाव पुढे करणं थांबवावं आणि येत्या अर्थसंकल्पात अंड्याचा निधी परत आणावा. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटं, चॉकलेट आणि फरसाण यांवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आणला. त्या सवलतीसाठी पैसे होते, अंड्यासाठी नव्हते.

पालिकेच्या शिक्षण विभागाला माझे दोनच प्रश्न आहेत: त्या दिवशीच्या कार्यक्रमाला लेखी परवानगी कुणाच्या सहीने दिली, आणि पुडा वाटण्यापूर्वी त्यावरचा साखरेचा आकडा कुणी वाचला होता का? उत्तर याच सदरात छापून आलं तर बरं होईल.

– एक निवृत्त कॅन्टीन पर्यवेक्षक, कासारवाडी