पंक्तिप्रपंच नको

दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंची जुनी ट्रंक उघडली. माहेरची पत्रं त्यांनी दोऱ्याने बांधून ठेवली आहेत. त्यातल्या एका पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ५ पैशांचं आणखी एक तिकीट दिसलं. त्यावर ‘शरणार्थी सहायता’ असं छापलेलं.

‘‘हे काय हो आई?’’ मी विचारलं.

‘‘अगं, एकाहत्तर साल ते. बांगलादेशातून लोक आले होते ना, त्यांच्यासाठी. पाकीट टाकायचं तर पाच पैसे जास्त. कुरकुर करायचो, पण लावायचो.’’

त्या वर्षी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी माणसं भारतात आली होती. नंतर त्यांचा बांगलादेश झाला आणि बहुतेक जण घरी परतले. आणि काळाचा फेरा बघा, ऑगस्ट २०१७ नंतर त्याच बांगलादेशाच्या दारात म्यानमारमधून ७ लाखांहून अधिक रोहिंग्या येऊन उभे राहिले. जास्त करून बायका आणि मुलंच. कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या उखिया आणि टेकनाफ या दोन तालुक्यांत त्यांच्या बांबू-ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या.

भिशीत मी हा विषय काढला, तर एक मैत्रीण फटकन म्हणाली, ‘‘येणाऱ्यांचं सगळे बोलतात गं. पण ज्यांच्या गावात ते आले त्यांनी काय पाप केलं?’’

खरं सांगू? मला तिचा प्रश्न अगदी रास्त वाटला. त्या दोन तालुक्यांत आज मूळच्या गावकऱ्यांपेक्षा निर्वासितच जास्त आहेत. मजुरीचे दर पडले, बाजारात महागाई वाढली, काहींची शेतजमीन छावणीखाली गेली. हजारो चुलींना सरपण हवं, म्हणून डोंगरच्या डोंगर बोडके झाले. लाकडासाठी बायकांना लांब रानात जावं लागे, आणि ते रान हत्तींचं. अशा वेळी धान्याचा ट्रक रोज आपल्या दारावरून फक्त छावणीत जाताना दिसला, तर स्थानिक बाईच्या मनात काय येईल?

आपल्याकडे एक चांगला शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाच्या पानात तूप आणि शेजारच्याच्या पानात नुसतं वरण. भांडणाचं बी तिथेच पडतं.

तिथे हे ओळखून काही चांगली कामं झाली. २०१८ पासून छावणीत स्वयंपाकाचा गॅस दिला गेला, आणि आजूबाजूच्या हजारो गरीब गावकरी कुटुंबांनाही. सरपणाची पायपीट दोघींचीही कमी झाली, डोंगरांवर पुन्हा झाडं लावता आली. जागतिक अन्न कार्यक्रम ही संयुक्त राष्ट्रांची संस्था निर्वासितांना कार्डावर दर महिन्याला माणशी ठरावीक रक्कम देते. त्यावर ठरलेल्या दुकानांतून तांदूळ, डाळ, तेल आणि ताजी भाजीही घेता येते. ही भाजी कुठून येते? तर गावातल्या शेतकऱ्यांकडून. त्यांचे गट केले, त्यांत बायका पुष्कळ. त्यांना बियाणं दिलं, शिकवलं, माल एकत्र करून वजन करायला केंद्रं काढली. म्हणजे रोहिंग्या बाईच्या पिशवीतली भाजी गावातल्या बाईच्या शेतातली. एकाच पैशावर दोन चुली पेटतात! छावणीतल्या बायकांनाही बी आणि अवजारं मिळाली, आणि झोपड्यांच्या छपरांवर दुधी-भोपळ्याचे वेल चढले.

पण छपरावरच्या वेलाने घर चालत नाही. या लोकांना छावणीबाहेर नोकरी-धंदा करायची परवानगी नाही. त्यामुळे बहुतेकांचा सगळा भार त्या कार्डावर. आणि तेच कार्ड जगाने हलकं केलं. २०२३ च्या सुरुवातीला माणशी महिना १२ डॉलर मिळत. देणग्या आटल्या, मार्चमध्ये १० झाले, जूनमध्ये ८. तेव्हाच्या भावाने साडेसहाशे रुपये, म्हणजे दिवसाला बावीस. यात दोन्ही वेळचं जेवण बसवून दाखवा! २०२४ मध्ये रक्कम पुन्हा वाढवली, २०२५ मध्ये ती निम्म्यावर आणायची सूचना निघाली आणि कशीबशी टळली. अशा वेळी घरात पहिलं उपाशी कोण राहतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सगळ्यांना वाढून झाल्यावर जी पातेलं खरवडते, ती.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याला कमवायची बंदी, त्याच्या ताटातला घास कमी करणं हा अन्याय आहे. त्यांना सुरक्षितपणे घरी जाता यावं, हे तर हवंच. पण तोवर त्यांना निदान काही काम करू द्यावं. आणि मदत देताना शेजारच्या गावाचं पान आधी बघावं. गावाला चार पैसे मिळाले, तर आलेला माणूस डोळ्यांत खुपत नाही.

‘‘आपल्याकडे काय कमी गरीब आहेत?’’ असं भिशीत आणखी एकीने विचारलं. आहेत ना. १९७१ मध्ये तर आजच्याहून जास्त होते. तरीही सासूबाई कुरकुरत का होईना, ते तिकीट लावत होत्या. ते पाकीट मी ट्रंकेत परत नाही टाकलं. लेकीला दाखवायला वर ठेवलंय.