कापसाच्या तंतूची भिंत आणि तिचे मोल

नगर जिल्ह्यात एकाच साखरेची दोन रूपे पिकतात. प्रवरा-मुळेच्या कालव्यांवरचा ऊस साखर कांड्यात साठवतो. शेवगाव-पाथर्डीच्या जिरायत रानातील कपाशी पानात तयार झालेल्या तशाच साखरेपासून सेल्युलोज बनवते आणि त्याची भिंत तंतूत उभारते. उसाच्या साखरेचे मोजमाप प्रयोगशाळेत होते व उसाचा किमान दर त्या उताऱ्याशी कायद्याने जोडलेला आहे. कापसाच्या भिंतीचे मोल मात्र व्यापाऱ्याच्या चिमटीत ठरते. हा फरक निसर्गाने केलेला नाही.

विज्ञान काय सांगते ते आधी पाहू. कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरील केस. प्रत्येक तंतू ही एकच पेशी. फूल उमलते त्याच सुमारास बीजांडाच्या पृष्ठभागावरील काही पेशी वर उठू लागतात आणि सुमारे अडीच-तीन आठवडे लांब होत जातात. त्यानंतर भित्तिकेच्या आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढतात. पक्व तंतूत नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोजच असते. भिंत पातळ राहिली तर सुतात गाठी येतात, रंग नीट चढत नाही आणि कापडावर फिके ठिपके उमटतात.

ही भिंत उभारणारे जनुक वनस्पतींत प्रथम सापडले ते कापसाच्या तंतूतच. 1996 साली डेबोरा डेल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, भिंत जाड होण्याच्या टप्प्यावर तंतूत जागी होणारी, जीवाणूंतील सेल्युलोज-जनुकांशी साम्य असलेली जनुके दाखवून दिली. या कामात कॅलिफोर्नियातील कॅलजीन ही कंपनी भागीदार होती. 1997 साली ती पूर्णपणे मोन्सँटोच्या आणि 2018 साली मोन्सँटो बायरच्या ताब्यात गेली. ज्ञानाचा प्रवास कोणत्या दिशेने होतो, हे यावरून ध्यानात यावे.

तथापि जनुक म्हणजे सर्वस्व नव्हे. भिंतीला लागणारी साखर पानातून यावी लागते, आणि पानाला पाणी लागते. बोंडे भरण्याच्या दिवसांत पावसाने ओढ दिली, की उत्तम बियाण्याचीही भिंत पातळ राहते. रात्री थंड झाल्या की सेल्युलोज बनण्याचा वेग मंदावतो; म्हणून उशिरा धरलेल्या बोंडांतील तंतू अपक्व राहण्याचा धोका असतो. पाण्याची विषमता अशी तंतूच्या आत जाऊन बसते.

बाजारात काय घडते? गेल्या हंगामात शेवगावजवळच्या एका खरेदीच्या ठिकाणी मी अर्धा दिवस उभा होतो. खरेदीदार मूठभर कापूस उचले, दोन बोटांनी धागा ताणून तोडी आणि भाव उच्चारी. शेतकरी मान डोलावी. घरी परत नेण्याचे भाडे त्याला परवडणारे नव्हते. हीच रुई गिरणीत गेली की यंत्रावर तिच्यातून हवा सोडून 'मायक्रोनेअर' मोजला जातो. त्यावरून तंतूची जाडी व पक्वता अजमावली जाते. विकत घेणाऱ्याजवळ आकडा आहे, पिकवणाऱ्याजवळ नाही. अज्ञानावर उभा असलेला हा नफा आहे.

गावोगाव मोजमाप खर्चिक होईल, असा आक्षेप येईल. याच जिल्ह्यात दूध संकलन केंद्रांवर रोज फॅट मोजून दर दिला जातो. उसाप्रमाणे कापसालाही पहिली उचल द्यावी आणि जिनिंगनंतर नमुन्याच्या आकड्यावर उर्वरित हिशेब करावा. प्रवरेला 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी उसाबाबत जे शक्य करून दाखवले, ते कापसाबाबत अशक्य का मानावे?

पण केवळ मोजमाप आणले तर ते कोरडवाहू शेतकऱ्याच्या गरिबीवरचा दंड ठरेल. म्हणून बियाणे आणि पाणी यांचा प्रश्न त्याबरोबरच सोडवला पाहिजे. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा हक्क दिला. परंतु देशातील बहुतेक कपाशी संकरित आहे आणि संकरिताचे राखलेले बियाणे मूळ गुण टिकवत नाही. हक्क कागदावर, खरेदी दरवर्षी दुकानात! आपल्याकडे मान्यता मिळालेले जनुकीय बदलाचे कापूस-बियाणेही बोंडअळीपासून संरक्षणासाठीच आहे, तंतूच्या भिंतीसाठी नव्हे.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने हे ज्ञान कमी पाण्यात पक्व तंतू देणाऱ्या, बियाणे राखता येणाऱ्या सरळ वाणांसाठी वापरावे आणि शासनाने त्यासाठी पैसा द्यावा. बोंडे भरताना एक संरक्षित पाणी मिळणे हा कोरडवाहू शेतकऱ्याचा हक्क मानावा. आणि रुईचा आकडा गिरणीच्या आधी शेतकऱ्याच्या हाती पडावा. भिंत त्याने उभारली आहे. तिची जाडी जाणण्याचा पहिला अधिकारही त्याचाच आहे.